सहवासाचा आकडा

ऋजुताचा अर्ज नाकारला गेला, तो ती हेरंबची बायको नाही म्हणून नव्हे. लग्नाचा दाखला, फोटो, पुण्यातल्या घराचा दोघांच्या नावावरचा भाडेकरार, सगळं नॉर्डहोल्मच्या आरोग्य कचेरीनं मान्य केलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की तिचं पोट आता हेरंबच्या घरातलं राहिलं नव्हतं.

"एकोणीस," डॉ. शमीम मुल्ला पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "साठ लागतात."

मिरजेत परदेशी प्रवासासाठी अशी तपासणी करणारी त्यांचीच एक प्रयोगशाळा होती. बाहेरच्या बाकावर अजून सात-आठ जण अंतर ठेवून बसले होते. कुणी नवऱ्याकडे निघालेलं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला.

"आणि बाबांशी माझा आकडा किती येतो?" ऋजुतानं उगाचच विचारलं.

"एकाहत्तर. अगं, माहेरी राहतेस, त्यांच्या हातचं खातेस, एकाच मोरीत हात धुतेस. शरीर खोटं कशाला बोलेल?"

हेरंब सबनीस हा समुद्राच्या भरती-ओहोटीवर वीज करणाऱ्या यंत्रांचा इंजिनियर. उत्तर अटलांटिकमधल्या नॉर्डहोल्म नावाच्या एवढ्याशा बेटावर त्याला मोठं काम मिळालं, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "मी पुढे होतो, घर बघतो, मग तू ये," असं ठरलं. ऋजुतानं पुण्यातलं घर सोडलं, सामान मिरजेला वडिलांकडे आणून टाकलं आणि तिकडे जायचं म्हणून लोकरी कपडे विकत घेतले. तेवढ्यात पोटसाथ आली आणि जगाची दारं एकामागून एक लागली.

ही साथ आधीच्या साथींसारखी नव्हती. खोकला नाही, ताप नाही. तिचा जिवाणू धडधाकट माणसाच्या आतड्यात महिनोन्‌महिने मुकाट पडून राहायचा, इतक्या कमी संख्येनं की कुठल्याही चाचणीत सापडू नये. मग एक दिवस उसळायचा, आणि एकदा उसळला की तो कुठल्याच औषधाला दाद द्यायचा नाही. तो उसळतो कधी, हे कळायला शास्त्रज्ञांना दीड वर्ष लागलं. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते. ती वस्ती जुनी, मुरलेली असली की या उपऱ्याला हातपाय पसरायला जागाच मिळत नाही. पण दोन अगदी वेगळ्या वस्त्या एकदम एकमेकींत मिसळल्या, तर काही आठवडे आत सगळी उलथापालथ होते, आणि त्या धामधुमीत त्याचं फावतं. म्हणजे परक्या घरातून आलेलं माणूस धोक्याचं आणि आपल्या घरातलं माणूस सुरक्षित. फक्त 'आपलं घर' कुणाला म्हणायचं, हे ठरवायला हवं होतं.

ते ठरवण्याचं यंत्र निघालं. डॉ. मुल्ला येणाऱ्या प्रत्येकाला ते विरजणाचं उदाहरण देऊन समजावत. दही सगळ्यांच्या घरी लागतं, पण प्रत्येक घरच्या विरजणाची चव निराळी. तसंच पोटातल्या जिवाणूंचं. जात एकच असली तरी प्रत्येक घरात तिची वाणं वेगळी. एका ताटात जेवणाऱ्या, एका छपराखाली श्वास घेणाऱ्या माणसांमध्ये ती वाणं सामाईक होत जातात, दूर गेली की विरत जातात. दोघांचे नमुने यंत्रात घातले की सामाईक वाणांचा आकडा निघतो. त्याला कागदोपत्री 'सहवासांक' म्हणत. ज्यांचा आकडा साठाच्या वर, ते एक जंतुकुल. नॉर्डहोल्मनं पासपोर्ट, व्हिसा सगळं मागे सारून हा एकच नियम धरला होता: आमच्या बेटावरच्या एखाद्या जंतुकुलात जो बसतो, त्यालाच आत घेऊ.

"मग आता काय करायचं?" ऋजुतानं विचारलं.

"एक मार्ग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "विरजण बदलायचं."

---

ऋजुताचे वडील रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं होतं. भाकरी थापता थापता त्यांनी लेकीचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याच्या पोटातलं... तसलं काहीतरी... इकडे मागवायचं आणि तू गिळायचं?"

"कॅप्सूल असते, बाबा. शुद्ध केलेली, गोठवलेली. आत फक्त जिवाणू."

"आणि आपल्या घरचं?"

"ते आधी औषधानं धुऊन काढतात. मग पन्हाळ्याच्या केंद्रात एकटीनं राहायचं. बाहेरचं अन्न नाही, कुणाला भेटायचं नाही. दोन-तीन महिन्यांत आकडा चढतो म्हणतात."

बाबांनी तव्यावरची भाकरी उलटली. "लग्नात तुझं नाव बदलू दिलं नाहीस. मला बरं वाटलं होतं. आता पोट बदलायला निघालीस."

"बाबा, किती वर्षं अशी फोनवर संसार करू?"

त्यांनी भाकरी तव्यावरून उतरवली. मग म्हणाले, "तो का येत नाही?"

"बेट सोडलं की परत आत घेत नाहीत. नोकरी जाईल, करार मोडेल. आम्ही ठरवलंय."

'आम्ही' म्हणताना तिला आठवायला हवं होतं, की हे ठरलं तेव्हा ती काही बोललीच नव्हती. पण त्या दिवशी ते तिच्या लक्षात आलं नाही.

पन्हाळ्याचं केंद्र म्हणजे एक जुनं हॉटेल होतं. खिडकीतून तटबंदी आणि खाली उतरत गेलेलं धुकं दिसायचं. पहिले दिवस फार वाईट गेले. औषधांनी आतडी धुतली गेली तसं अंगातलं त्राण गेलं. पांढऱ्या डब्यातून येणाऱ्या निर्जंतुक जेवणाला कशाचीच चव नसे. मग हेरंबच्या कॅप्सूल सुरू झाल्या.

मिरजेच्या इस्पितळात ती अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं काम करायची. रजेवर असूनही केंद्रातून पडद्यावर दोन-तीन मुलांचे धडे घेई. बाकी सगळा दिवस रिकामा. संध्याकाळी हेरंबचा फोन.

"आज काय खावंसं वाटलं?" तो हसत विचारायचा.

"खरं सांगू? आंबूस काळा पाव. जो मी जन्मात खाल्ला नाही."

"झालं! आलीस तू लाइनीवर. इथे आम्ही रोज तोच खातो."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे... इथली माणसं. घरमालकीण करते."

साथ सुरू झाल्यावर कंपनीची वसाहत बंद पडली, तेव्हा बेटावरच्या सरकारनं परदेशी कामगारांना ज्यांच्या घरात जास्तीची खोली होती त्यांच्याकडे वाटून दिलं होतं. एवढं हेरंबनं सांगितलं होतं. घरमालकीण म्हटल्यावर ऋजुताच्या डोळ्यांसमोर पिकल्या केसांची, विणकाम करणारी बाई उभी राहिली होती. ते चित्र हेरंबनं कधी रंगवलं नाही, पण पुसलंही नाही.

आकडा चढत गेला. तिसऱ्या तपासणीला डॉ. मुल्लांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज फुलला होता. "अडुसष्ट! अगं, विरजण बदलून एवढा आमच्याकडे कुणाचाच आला नव्हता. आता फक्त त्यांच्या अधिकाऱ्याची मुलाखत."

ऋजुतानं त्या दिवशी धुक्यात एकटीनंच तटावर फेरी मारली, आणि मोठ्यानं गाणं म्हटलं.

---

मुलाखत दुपारी झाली. पडद्यावर एक सोनेरी भुवयांचा, सौम्य चेहऱ्याचा माणूस होता. तो त्याच्या भाषेत बोलायचा आणि यंत्र त्याचं बोलणं गुळगुळीत, पुस्तकी मराठीत करून द्यायचं.

"आपले अभिनंदन. आपण जंतुकुल क्रमांक चारशे बाराच्या सदस्य होण्यास पात्र आहात. कृपया सांगा, श्रीमती इंगा ब्रांडाल यांच्याशी आपले नाते काय?"

"कोण?"

"इंगा ब्रांडाल. वय एकतीस. त्यांच्याशी आपला सहवासांक चौसष्ट आहे. आणि लिव्ह ब्रांडाल, वय दोन वर्षे. तिच्याशी एकसष्ट."

ऋजुताला आधी वाटलं, यंत्राचं भाषांतर चुकलं. तिनं प्रश्न पुन्हा विचारायला लावला. तो शब्दन्‌शब्द तसाच आला.

"मी या बाईंना ओळखत नाही," ती म्हणाली.

अधिकारी कागद चाळत होता. त्याला त्यात काही विचित्र वाटत नसावं. "ते आवश्यक नाही. आपले पती, श्रीमती ब्रांडाल आणि बालिका हे आमच्या नोंदीनुसार एक कुल आहे. आपण त्यात चौथ्या. एक बाब सांगणे माझे कर्तव्य आहे. सुरक्षिततेसाठी एका कुलात वर्षभरात एकच बाहेरची व्यक्ती घेता येते. या कुलासाठी दुसराही एक अर्ज आहे. तो अजून पात्र झालेला नाही. आपण संमती दिल्यास तो वर्षापुरता बंद होईल."

"दुसरा अर्ज कुणाचा?"

"श्री. मॅग्नस ब्रांडाल. श्रीमती ब्रांडाल यांचे पती. ते जहाजावर अभियंता असून चिलीमधील एका बंदरात अडकले आहेत."

अधिकाऱ्यानं तिला विचार करायला आठ दिवस दिले, पुन्हा अभिनंदन केलं आणि पडदा काळा झाला.

तिनं डॉ. मुल्लांना फोन लावला. रडायचं नाही असं ठरवून लावला, पण आवाज फुटलाच. "डॉक्टर, मला एकच सांगा. तिचे आणि हेरंबचे जिवाणू इतके एक कसे? ते दोघं... यंत्राला कळतं का ते?"

"नाही कळत," डॉक्टर म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही तुला. एका घरात दोन वर्षं राहिलं, एका भांड्यातलं जेवलं, एका मुलाला दोघांनी कडेवर घेतलं, तरी आकडा एवढा येतो. आणि... बाकी काही असलं तरी एवढाच येतो. जवळीक किती हे यंत्र सांगतं. कसली, ते नाही सांगत."

"म्हणजे मी दोन महिने जे गिळत होते, ते..."

"ते त्या घराचं विरजण होतं, ऋजुता. एकट्या हेरंबचं असं काही तिथे उरलेलंच नाही."

---

हेरंबनं फोन उचलला तेव्हा त्याच्यामागे खिडकी होती आणि खिडकीबाहेर करडा समुद्र. तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"तुला मॅग्नसच्या अर्जाबद्दल माहीत होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"माझ्यामुळे तो बंद होणार, हेही?"

"नियम मी केले नाहीत, ऋजू. तो गेली अडीच वर्षं प्रयत्न करतोय. त्याचा आकडा चढतच नाही. इंगाच्या नमुन्यापासून केलेल्या कॅप्सूल त्याला मानवत नाहीत."

"कारण त्यात तू आहेस."

ऋजुताच्या मनात एक चित्र आलं आणि जाईना. दूर कुठल्यातरी बंदरात एक माणूस आपल्या बायकोकडे परतायचं म्हणून रोज सकाळी पाण्याबरोबर परक्या पुरुषाचे जिवाणू गिळतोय, आणि रोज ते उलटून पडताहेत.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? की घरमालकीण तरुण आहे? तू तिथे, मी इथे. तू झुरत बसली असतीस. सुरुवातीला आम्ही एकमेकांशी बोलतही नव्हतो. मग लिव्ह झाली. घरात डॉक्टरसुद्धा येऊ देत नव्हते गं, दारातून सांगत होते काय करायचं ते. मी होतो म्हणून..." त्यानं डोळे चोळले. "ती मला पापा म्हणते. मी शिकवलेलं नाही. तिनं दुसरं कुणी पाहिलेलंच नाही."

ऋजुताला त्याची कीवही आली. हे तिला अपेक्षित नव्हतं, आणि त्याचा तिला रागही आला.

"हेरंब, ऐक. यातून एक वाट आहे. तू ते घर सोड. एकट्याची खोली माग. काही महिन्यांत तुझं कुल वेगळं होईल. मग माझ्यामुळे त्या माणसाचं दार बंद होणार नाही. मी पुन्हा औषध घेईन, पुन्हा इथे येऊन राहीन. सगळं पहिल्यापासून. माझी तयारी आहे."

तो लगेच काही बोलला नाही.

ऋजुताचं आयुष्य न बोलणाऱ्यांच्या सोबतीत गेलं होतं. शब्द ओठाशी येऊन अडलाय ते गप्प बसणं, आणि शब्द आत कुठेच नाही ते गप्प बसणं, यातला फरक तिला डोळे मिटूनही कळायचा. ती थांबली. मुलांसाठी थांबायची तेवढीच, त्यांना मदत न करता.

"लिव्ह अजून लहान आहे," तो शेवटी म्हणाला. "आत्ताच लगेच... तू आधी ये ना. आलीस की आपण तिघं-चौघं बसून ठरवू. इंगा चांगली आहे. तुला आवडेल."

एवढ्यावरून यंत्राला न सांगता आलेली गोष्ट तिला कळली. त्याच्या आणि इंगाच्या मध्ये काय होतं किंवा नव्हतं, ते तिला तरीही कळलं नाही, आणि ते आता तितकंसं महत्त्वाचंही राहिलं नाही. त्याला ते घर सोडवत नव्हतं.

"तिला फोन दे," ऋजुता म्हणाली.

इंगा पडद्यावर आली. चेहऱ्यावर ठिपके, केस घाईनं बांधलेले, कडेवर एक गोबरी मुलगी. दोघी इंग्रजीत बोलल्या, दोघींच्याही तुटक इंग्रजीत.

"तुम्ही येताय?" इंगानं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं, यावं?"

इंगानं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मी 'नको' म्हणाले तर स्वार्थी ठरेन. 'या' म्हणाले तर मॅग्नसला काय तोंड दाखवू? त्यानं तिला अजून हातात घेतलेलं नाही." मग खाली बघत ती म्हणाली, "तुमचा नवरा भला माणूस आहे. त्यानं आम्हाला जगवलं. पण कधीकधी मला मॅग्नसचा आवाज आठवत नाही. त्या विसरण्याची मला भीती वाटते."

बाकी काही तिनं सांगितलं नाही आणि ऋजुतानं विचारलं नाही. लिव्हनं पडद्यावर हात आपटला. तिच्या पोटात आणि आपल्या पोटात आता एकाच घरची वस्ती आहे, हा विचार ऋजुताच्या मनात आला आणि तिचे डोळे भरून आले. तिनं घाईनं फोन बंद केला.

---

तिनं संमती दिली नाही. कारण विचारलं तेव्हा तिनं 'वैयक्तिक' एवढंच सांगितलं. यंत्रानं त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, अधिकाऱ्यानं आदरानं मान तुकवली.

डॉ. मुल्लांनी तिला शहाणी म्हटलं नाही की वेडी म्हटलं नाही. फक्त विचारलं, "आता पोटाचं काय करू? बाबांच्या नमुन्यानं परत..."

"नको. आता काही घालू नका नि काढू नका," ऋजुता म्हणाली.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे तिला बाबांच्या हातचं पचेना. आमटी जड जाई, ताकानं पोट दुखे. बाबा काही न बोलता मऊ भात करून घालत. तिनं हेरंबचे फोन घेणं बंद केलं नव्हतं, पण बोलण्यासारखं कमी कमी होत गेलं. तो हवा सांगायचा, ती मुलांबद्दल सांगायची. इंगाचं नाव दोघंही काढत नसत. इस्पितळात ती पुन्हा रुजू झाली. लोकरी कपडे तिनं तिथल्या कामवाल्या मावशींना देऊन टाकले.

बेटावर पुढे काय घडलं ते तिला इंगाकडूनच कळलं. ऋजुतानं नकार दिल्यावर इंगानं आरोग्य कचेरीत जाऊन आपणहून सांगितलं, की घरातल्या परदेशी माणसाला दुसरीकडे हलवा. दोन वर्षांत तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं. हेरंबला बंदराजवळच्या एका खोलीत नेलं. घरात इंगा आणि लिव्ह उरल्या, आणि हळूहळू त्यांच्या नमुन्यातली हेरंबची वाणं विरत गेली. पुढच्या कॅप्सूल मॅग्नसला मानवल्या. तो उतरला त्या दिवशी इंगानं ऋजुताला आवाजी निरोप पाठवला. त्यात ती फारसं बोललीच नव्हती. मागे एक पुरुष काहीतरी बोबडं बोलत होता आणि एक लहान मुलगी घाबरून 'पापा, पापा' अशी रडत होती. ती कुणाला हाक मारत होती ते ऋजुताला कळलं. तिनं तो निरोप एकदाच ऐकला.

त्यानंतर एका रविवारी सकाळी हेरंबचा फोन आला. बाबा बाजारात गेले होते. हेरंब वाळला होता. मागे खिडकी नव्हती, नुसती भिंत होती.

"आता मी एकटाच आहे," तो म्हणाला. "इथला डॉक्टर म्हणाला, माझं स्वतंत्र कुल झालंय. कुणाचाच अर्ज आडवा येणार नाही. ऋजू, तू म्हणाली होतीस ना, पहिल्यापासून करायची तयारी आहे म्हणून? मी नमुना देऊन ठेवलाय. परवा पाठवतो."

"पाठवू नकोस."

"अजून रागावलीयस?"

"राग होता. आता फारसा नाहीये." तिनं शब्द जुळवून पाहिले. आजवर हे ती एकदाही बोलली नव्हती, आणि बोलायला इतकं सोपं आहे याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "इतकी वर्षं आपण तिकडच्या परवानग्या मागतोय. माझं रक्त, माझं पोट, सगळं त्यांना दाखवलं. एकदा धुऊनसुद्धा घेतलं. हेरंब, तू इथला आहेस. तुझ्यासाठी इकडचं दार एक दिवसही लागलं नव्हतं. तपासणीचे चार दिवस काढायचे आणि घरी यायचं. इकडे यायला तुला कुणाचीच परवानगी लागत नाही."

"नोकरी जाईल, ऋजू. परत इथे पाऊल ठेवता येणार नाही."

"हो. मला माहीत आहे काय मागतेय ते."

तो गप्प बसला. या वेळी त्याच्या गप्प बसण्यात काय आहे, ते तिला ओळखता येईना. काहीतरी होतं खरं. पण ते अडलेलं होतं की नव्हतंच, हे कळायला समोर बसलेलं माणूस लागतं.

"बघतो," तो म्हणाला.

"बघ."

आजवर प्रत्येक फोनच्या शेवटी ती एक वाक्य म्हणायची, 'मी वाट बघतेय हं.' ते आज तिच्या तोंडून निघालं नाही. फाटकाशी बाबांच्या चपलांचा आवाज आला. हातातल्या पिशव्या घ्यायला ती बाहेर गेली.